पायवाटेचें वाङ्मय

गेल्या कांहीं वर्षांत मराठींत डोंगरभटकंतीच्या पुस्तकांचा सुकाळ झाला आहे. किल्ल्यांच्या वाटा, घाटवाटा, कोंकणच्या किनाऱ्यावरील जलदुर्ग, अरण्यांतील मुक्काम यांचीं वर्णनें ग्रंथविक्रेत्यांच्या कपाटांत ओळीनें मांडलेलीं दिसतात. आमच्या अमरावती-अकोल्याकडेही तीं येतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरचीं तरुण मंडळी तीं पिशवींत घालून चिखलदऱ्याच्या किंवा नरनाळ्याच्या वाटेला लागतात. ज्या वाङ्मयाला इतका वाचकवर्ग आहे, आणि जें वाचून वाचक नुसता बसून न राहतां उठून चालूं लागतो, त्याची टीकाकारांनीं मुळींच दखल घेऊं नये हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. एखाद्या सामान्य कादंबरीच्या गुणदोषांचा आम्ही कीस काढतों. पण या पुस्तकांची मात्र ‘उपयुक्त’ एवढ्या एका विशेषणानें बोळवण करतों. प्रस्तुत लेखांत या वाङ्मयाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आतां कोणी विचारील कीं, वऱ्हाडांतल्या माणसानें या विषयांत कां पडावें? सह्याद्रि त्याच्यापासून दूर, आणि समुद्र तर त्याहूनही दूर. यावर आमचें उत्तर असें कीं, वऱ्हाडास समुद्र नसला तरी किनारा आहे. अकोट, अचलपूर, परतवाडा या गांवांवरून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे काळ्या जमिनीचें सपाट मैदान एकाएकीं संपतें आणि सातपुड्याची गाविलगडची रांग तटासारखी उभी राहते. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें तीनशें मीटर, तर चिखलदरा अकराशें मीटरांच्या वर. या रांगेच्या पायथ्याशीं भूस्तरांचा मोठा भंग आहे, आणि त्याच्या दक्षिणेस पूर्णेचें खोरें गाळानें भरून निघालें आहे, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. त्या गाळांतील विहिरींचें पाणी इतकें खारट कीं, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील त्या टापूला ‘खारपाणपट्टा’ हेंच नांव पडलें आहे. श्रावणांत गाविलगडच्या तटावर उभें राहावें. ढग पायांखालीं पसरलेले असतात, मैदान दिसेनासें होतें, आणि कड्याचीं टोकें त्या शुभ्र पसाऱ्यांत भूशिरांसारखीं शिरलेलीं दिसतात. त्या वेळीं आपण किनाऱ्यावर उभे आहों याविषयीं शंका राहत नाहीं. अशा किनाऱ्याच्या सांवलींत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें पायवाटेच्या वाङ्मयाविषयीं दोन शब्द बोलणें हा अनधिकार ठरूं नये.

या वाङ्मयाचें स्वरूप पाहूं गेल्यास त्यांत तीन घटक असावे लागतात. पहिला घटक म्हणजे वाट. दुसरा, वाटेनें चालणारा. आणि तिसरा, ज्यांच्या भूमींतून ती वाट जाते आणि ज्यांच्या पायांनीं ती पडली ते लोक. अलीकडील पुस्तकांत पहिला घटक भरपूर सांपडतो. कोणत्या गांवीं उतरावें, पाणी कोठें मिळतें, चढाला किती तास लागतात, हें सर्व त्यांत चोख असतें. दुसरा घटक तर गरजेपेक्षां जास्तच असतो. लेखक किती दमला, किती भिजला, शेवटचा कातळ चढतांना त्याचें काळीज कसें धडधडलें, हें तो रंगवून सांगतो. तिसऱ्या घटकाचा मात्र बहुधा पत्ता नसतो. असलाच तर तो ‘गांवांतून वाटाड्या घ्यावा’ अशा एका वाक्यापुरता, म्हणजे दोर आणि विजेरी यांच्या यादींत असतो. हा केवळ सौजन्याचा अभाव नव्हे. हा वाङ्मयीन दोष आहे असें आमचें म्हणणें आहे, आणि पुढील विवेचनांत तें सिद्ध करण्याचा आम्ही प्रयत्न करूं.

प्रथम भाषेकडे पाहूं. या पुस्तकांचें आवडतें क्रियापद म्हणजे ‘सर करणें’. सुळका सर केला, किल्ला सर केला, घाट सर केला. गाविलगड खराखुरा सर झाला तो १८०३ सालच्या डिसेंबरच्या १५ तारखेस. त्यापूर्वी २९ नोव्हेंबरला अडगांवच्या मैदानांत शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला होता. मग स्टीव्हन्सनच्या तुकडीनें जड तोफा ओढीत, डोंगरांतून सुमारें तीस मैलांची वाट स्वतः करीत, किल्ल्याची उत्तर बाजू गांठली; तटाला खिंडार पडलें; वेल्स्लीच्या आज्ञेनें हल्ला झाला; आणि किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला आणि भोसल्यांचें राज्य खचलें. ‘सर करणें’ या शब्दाचा अर्थ हा आहे. त्यांत रक्त आहे. परतवाड्याहून डांबरी रस्त्यानें चिखलदऱ्यास जावें, तेथून अर्ध्या तासांत किल्ल्याच्या दरवाजाशीं पोंचावें, आणि घरीं येऊन ‘आम्हीं गाविलगड सर केला’ असें लिहावें, यांत शब्दाची विटंबना तर आहेच, पण दृष्टीचाही दोष आहे. ज्याला डोंगर शत्रु वाटतो, त्याला डोंगरावर राहणारा माणूस दिसत नाहीं. दिसलाच तर तो शत्रूच्या मुलुखांतला फितूर म्हणून दिसतो. वाट दाखविण्यापुरता त्याचा उपयोग.

येथें या ग्रंथकारांची बाजूही मांडली पाहिजे. ते म्हणतील, आम्ही काव्य लिहावयास बसलों नाहीं. पावसांत वाट चुकून मुलें दरींत पडूं नयेत म्हणून आम्ही माहिती देतों. तिच्यांत गांवकऱ्यांचीं चरित्रें कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे. निसरड्या कड्याविषयीं वेळेवर दिलेली एक सूचना शंभर अलंकारांहून मोलाची असते, आणि ज्या पुस्तकानें एकाही घरचा मुलगा सुखरूप परत आणला, त्या पुस्तकास आम्ही नमस्कार करूं. साहसाचीही आम्ही निंदा करीत नाहीं. पुस्तकी विद्येनें वांकलेल्या आमच्या समाजाला पाय आहेत याची आठवण ज्यांनीं करून दिली, त्यांचे उपकारच आहेत. आमचा आक्षेप माहितीवर नाहीं, आणि साहसावरही नाहीं. माहिती आणि साहस हीं दोन्ही पुरीं साधावयाचीं असतील, तर तिसरा घटक टाळून चालत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

इंग्रजी वाङ्मयाशीं तुलना केली असतां हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १८७१ हें वर्ष या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या एका वर्षांत एडवर्ड व्हिंपरचें आल्प्समधील चढायांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें, लेस्ली स्टीफनचें ‘द प्लेग्राउंड ऑफ यूरोप’ निघालें, आणि आमच्या सातपुड्यावरील कॅप्टन फोर्सिथचें ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हेंही निघालें. व्हिंपर हा जिद्दी, कांहींसा उद्दाम गृहस्थ. मॅटरहॉर्न शिखरावर पहिलें पाऊल आपलें पडावें म्हणून त्यानें वर्षानुवर्षें धडपड केली, आणि १४ जुलै १८६५ रोजीं तो तेथें पोंचला. उतरतांना दोर तुटला आणि सात जणांपैकीं चौघे खालीं गेले. त्या चौघांत मिशेल क्रो हा फ्रेंच वाटाड्या होता. व्हिंपरच्या पुस्तकांत हा क्रो नांवानिशीं, स्वभावानिशीं, कौशल्यानिशीं जिवंत उभा आहे. म्हणूनच त्याचा मृत्यु वाचकाच्या जिव्हारीं लागतो. साहसाच्या त्या पुस्तकाला जी गंभीरता आली ती शिखराच्या उंचीमुळें नव्हे. ज्याच्या हातावर विश्वासून आपण वर चढलों त्याचें ऋण लेखकानें मानलें, म्हणून ती आली. पुढें १९५३ सालीं एव्हरेस्टवर पाऊल पडलें तेव्हां हिलरीबरोबर तेनसिंगचें नांव जगानें एका श्वासांत घेतलें, त्यालाही ही परंपरा अंशतः कारण झाली असावी.

परंतु नांव घेण्याचा हा धडा गिरविण्यासाठीं आल्प्सपर्यंत जाण्याची गरज नाहीं. मराठी गद्याच्या आरंभींच तो आहे, आणि तोही वऱ्हाडांत. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें महास्थान. आतां तेथें मराठी भाषा विद्यापीठही उभें राहिलें आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें तें एका खोलींत बसून नव्हे. चक्रधरस्वामींस ज्यांनीं पाहिलें होतें, त्यांना गांवोगांव जाऊन भेटून त्यानें आठवणी गोळा केल्या. चक्रधरांचें चरित्र म्हणजे बव्हंशीं एका चालणाऱ्याचें चरित्र. मोर्शीजवळच्या, सातपुड्याच्या कुशींतील साळबर्डीच्या डोंगरांत त्यांनीं एकांतवास केला अशी पंथाची श्रद्धा आहे. या चरित्रांत कोणत्या गांवीं कोण भेटलें, कोणीं भिक्षा घातली, कोण काय बोललें, हें नांवानिशीं येतें; सांगणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडला तर तो फरकही नोंदलेला आढळतो. पुढें ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी जेथें जेथें राहिले, बसले, निजले, त्या जागांची दिशा आणि खूण यांसह केलेली ही नोंद आहे. तिला आजच्या भाषेंत मार्गदर्शिका म्हणावयास हरकत नाहीं. पण आजच्या मार्गदर्शिकेंत आणि तिच्यांत अंतर आहे तें असें: तेथें जागा सांगितली जाते ती तेथें कोणी तरी होतें म्हणून. जागेला महत्त्व माणसामुळें आलेलें आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवून केवळ वाङ्मय म्हणून पाहिलें तरी, त्या कोरड्या दिशा वाचतांना मन ओलावतें, याचें कारण हेंच.

आधुनिक मराठींत ही दृष्टि अगदींच हरपली असें मात्र नाहीं. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ सालीं परतवाड्यास, म्हणजे गाविलगडच्या पायथ्याशीं झाला. त्यांच्या दुर्गप्रेमाचें मुख्य क्षेत्र पुढें सह्याद्रि झालें, ही आम्हां वऱ्हाडकरांची थोडी हळहळ आहे. पण त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. राजमाचीवर त्यांना तट आणि बुरूज तर दिसलेच, पण माचीवर परत येऊन राहणारा एक म्हातारा दिसला, आणि ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी जन्मास आली. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’ हें पुस्तक दुसऱ्या प्रकारचें. तेथें लेखक कांहीं जिंकावयास गेलेला नाहीं. तो एका अरण्यांत जाऊन राहतो, पाहतो आणि टिपतो. मारुती चितमपल्ली हे तर वनखात्यांत आयुष्य वेंचलेले गृहस्थ. २०२५ सालीं ते निवर्तले. मेळघाटाचीही त्यांनीं सेवा केली होती. रानांतल्या माणसांपाशीं असलेली शब्दसंपत्ति त्यांनीं मराठींत आणली, आणि ती आपली नव्हे, त्यांच्याकडून घेतलेली आहे, याचें भान ठेवलें. हे तिघेही रानांत विद्यार्थी म्हणून गेले. आजच्या बहुतेक भटकंतीकारांत उणीव आहे ती या विद्यार्थिवृत्तीची.

ही उणीव वाङ्मयास कशी बाधते याचें एकच उदाहरण देतों. मेळघाटांत सिपना नांवाची नदी आहे. मार्गदर्शिकेंत तिचें नांव, तिच्यावरील पूल आणि तिच्या काठचें विश्रामगृह हें सर्व येतें. पण कोरकू भाषेंत ‘सिपना’ म्हणजे सागवान, हें फारसें कोणी सांगत नाहीं. तेवढें कळतांच नदीचें चित्र पालटतें. ती सागाच्या वनांतून वाहणारी, सागाचेंच नांव ल्यालेली नदी होते. मेळघाटांतील मुख्य वस्ती या कोरकू लोकांची. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नव्हे, आणि शेजारच्या गोंडीच्याही कुळांतली नव्हे. ती मुंडा कुळांतली, आणि त्या कुळाची अगदीं पश्चिमेकडची शाखा आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय; ‘कोरकू’ म्हणजे माणसें. ज्यांनीं स्वतःला नुसतें ‘माणसें’ म्हटलें, त्यांना आमच्या पुस्तकांत नांव नसावें, यापरतें वैगुण्य कोणतें? चिखलदऱ्याला कीचकाचा दरा म्हणावयाचें आणि भीमकुंडाची कथा सांगावयाची, एवढें आम्हीं पाठ केलें आहे. ती कथा रम्य आहे, आणि ती टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याच दऱ्यांना तेथील रहिवाशांनीं दिलेलीं नांवें आणि त्यांचे अर्थ एकाही यादींत असूं नयेत, हें आमच्या अभ्यासाला शोभत नाहीं.

येथवर आम्हीं दुसऱ्यांचे दोष सांगितले. आतां आमचाही एक सांगितला पाहिजे. नाहीं तर हा लेख खोटा ठरेल. सुमारें तीस वर्षांपूर्वी, भाद्रपदांत, आम्ही कांहीं विद्यार्थी घेऊन शहानूरच्या बाजूनें नरनाळ्यास गेलों होतों. महाकाली दरवाजावरील १४८७ सालचा शिलालेख, नऊगजी तोफ, शक्कर तलाव हें सर्व पाहण्यांत वेळ गेला. त्यांतच धुकें उतरलें, पाऊस लागला, आणि परततांना वाट चुकली. आमच्या हातीं पुस्तक होतें. त्यावर विसंबून आम्ही एका घळींतून खालीं उतरण्याच्या बेतांत होतों. तेवढ्यांत गुरें घेऊन परत निघालेला एक वृद्ध कोरकू भेटला. त्यानें हात आडवा करून आम्हांस थांबविलें आणि कान देऊन ऐकावयास सांगितलें. आम्हांस कांहींच ऐकूं आलें नाहीं. त्याला आलें. थोड्याच वेळांत त्या घळींतून असा लोंढा आला कीं, मुलांचे चेहरे पांढरे पडले. मग तो आम्हांस दुसऱ्या वाटेनें घेऊन गेला, आणि चालतां चालतां प्रत्येक वळणाचें, प्रत्येक ओहळाचें नांव सांगत गेला. एका विद्यार्थ्यानें तीं नांवें आणि त्या वृद्धाचें नांव वहींत टिपून घेतलें.

पुढें महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांत त्या सहलीवर लेख आला. तो आम्हींच लिहिला होता. त्यांत निसर्गाचें रौद्र रूप होतें, विद्यार्थ्यांचें धैर्य होतें, वर्ड्स्वर्थची आठवणही होती; आणि ‘एका वनवासी वृद्धाचें साहाय्य झालें’ असें एक वाक्य होतें. विद्यार्थ्याच्या टिपणांतलें नांव आम्हीं मुद्दाम गाळलें होतें. कारण विचाराल तर तें लेखाच्या भारदस्त भाषेंत बसेना, एवढेंच. ती वही आतां उरलेली नाहीं, आणि तें नांव आम्हांस आठवत नाहीं. त्या दिवशींच्या मुलांपैकीं कित्येकांना आतां स्वतःचीं मुलें आहेत. हीं सगळीं घरें ज्या माणसाच्या कानामुळें उभीं आहेत, त्याचा उल्लेख करावयाचा तर आजही आम्हांला ‘एक वृद्ध’ असेंच म्हणावें लागतें. ‘स्थानपोथी’ आम्हीं त्यानंतर लक्षपूर्वक वाचली, आणि आपण काय गमावलें तें त्या वेळीं कळलें.

कोणी म्हणेल, हें सारें भावनेचें झालें. तसें नाहीं, याला तांतडीची एक व्यावहारिक बाजू आहे. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प हातीं घेण्यांत आला तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होतें. वन्य पशूंना निवांतपणा मिळावा म्हणून गाभ्यांतील कित्येक गांवें तेव्हांपासून बाहेर हलविण्यांत आलीं आहेत. तें योग्य कीं अयोग्य हा या लेखाचा विषय नाहीं. परंतु गांव उठलें म्हणजे त्याच्या पायवाटाही दोनचार पावसाळ्यांत बुजतात, आणि नांवें राहतात तीं फक्त म्हाताऱ्यांच्या स्मरणांत. वाट पुनः पाडतां येईल. नांव पुनः पाडतां येत नाहीं. अशा वेळीं जो कोणी वही घेऊन सातपुड्यांत जातो, त्याच्यावर एक जबाबदारी येऊन पडते, मग त्याची इच्छा असो वा नसो.

यावर एक शंका येईल. अशीं सर्व नांवें आणि वाटा छापून काढल्या तर गर्दी लोटेल आणि रान नासेल. शंका रास्त आहे. प्रत्येक वाट छापलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. कांहीं वाटा न छापण्यांतच शहाणपण आहे, आणि नियमानें बंद असलेल्या अरण्यांत तर पाऊलही टाकूं नये. पण वाटेचा पत्ता सांगणें आणि वाटाड्याचें ऋण सांगणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजचीं पुस्तकें पहिली गोष्ट उधळपट्टीनें करतात आणि दुसरीविषयीं कृपणता दाखवितात. आमची मागणी याच्या उलट आहे: पत्ता थोडा कमी सांगा, पण ऋण पुरें सांगा.

तेव्हां यापुढें असें एखादें पुस्तक हातीं आलें म्हणजे आम्ही तें कसें पारखूं, हें सांगून लेख पुरा करतों. त्यांतील अंतरें बरोबर आहेत कीं नाहींत हें आधीं पाहूं, कारण त्यांवर जीव अवलंबून असतात. लेखकाला भीति वाटली होती कीं नाहीं आणि ती त्यानें कबूल केली आहे कीं नाहीं, हें नंतर पाहूं. आणि शेवटीं, ज्यानें त्याला वाट दाखविली, त्याचें नांव पुस्तकांत आहे काय, हें शोधूं. तें सांपडलें, तर पुस्तकाच्या भाषेंतले बाकीचे दोष आम्ही मोठ्या मनानें सोडून देऊं. आमच्या तरुण वाचकांनाही एवढेंच सांगणें आहे कीं, पुढच्या पावसाळ्यांत नरनाळ्याच्या किंवा गाविलगडच्या वाटेला लागाल, तेव्हां पिशवींत मार्गदर्शिका असूं द्या, पण एक कोरी वहीही बरोबर घ्या. आणि जो कोणी भेटेल त्याला वाट विचारण्यापूर्वी त्याचें नांव विचारा. घरीं परतल्यावर लेख लिहावयास बसाल, तेव्हां भाषेंत बसत नाहीं म्हणून तें गाळूं नका. नांव बसत नसेल, तर भाषा बदला.